बॉस्क की बॉश? एका आडनावाचा माग कसा काढायचा

आमच्या इमारतीच्या दाराशी बेलच्या बटणांची पितळी पट्टी आहे. तिसऱ्या मजल्याच्या बटणासमोर पाच रोमन अक्षरं कोरलेली आहेत: बी, ओ, एस, सी, एच. बार्सिलोनातल्या ग्रासिया भागात राहायला आले तेव्हा ते नाव मी ‘बॉश’ असंच वाचलं. वॉशिंग मशीनवर, ड्रिलवर, गाडीच्या वायपरवर आयुष्यभर तेच वाचत आले होते. पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठ पडली तेव्हा मी म्हटलं, ‘‘बॉन दिया, सेन्योरा बॉश.’’ बाई ऐंशीच्या पुढच्या. हातातली भाजीची पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली, माझ्याकडे नीट वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘बॉस्क. आमचं नाव रानाचं आहे, कारखान्याचं नाही.’’

याला चौदा वर्षं झाली. मी जुन्या कागदपत्रांच्या भाषांतराचं काम करते, कॅटलान (बार्सिलोना ज्यात आहे त्या कॅटलोनियाची भाषा) आणि जर्मन दोन्हींतून. लोक आजोबांचे दाखले, लग्नाचे करारनामे, पाद्रीबुवांच्या हातच्या उताऱ्यांचे फोटो घेऊन येतात, आणि त्यात या आडनावाची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आम्ही त्या जर्मन बॉशांपैकी का? जर्मनीतून येणारे उलट विचारतात: आमचे कुणी पूर्वज स्पेनला गेले होते का? या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं. मी ज्या क्रमाने शोधते तोच इथे सांगते.

आधी देवनागरीत लिहा

ही पायरी मला स्वतःला सापडली आणि मराठी माणसाला ती फार सोयीची आहे. रोमन लिपीत या आडनावाची पाच अक्षरं सगळीकडे सारखीच दिसतात. देवनागरीत लिहायला घेतलं की आधी उच्चार ठरवावाच लागतो, आणि तिथेच एका आडनावाची तीन आडनावं होतात. कॅटलानमध्ये बॉस्क. जर्मनमध्ये बॉश. डचमध्ये बॉस. त्यामुळे कागदावर नाव उतरवताना रोमन अक्षरांशेजारी देवनागरी उच्चार लिहायची सवय लावून घ्या. ‘घरात म्हातारी माणसं हे नाव कसं उच्चारायची?’ हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि फोनवर विचारते, पत्राने नाही.

कॅटलानमधला ‘क’ कुठून आला ते समजून घेतलंत की इतर आडनावंही उलगडतात. जुन्या कॅटलान लेखनात शब्दाच्या शेवटी ‘क’ हा ध्वनी सी आणि एच अशा जोडीने लिहायचे. बॉस्क म्हणजे रान, झाडी. तो शब्दही तसाच लिहिला जाई. १९१३ मध्ये बार्सिलोनाच्या इन्स्तितुत द’एस्तुदिस कातालान्स या संस्थेने शुद्धलेखनाचे नियम जाहीर केले, त्यामागे पुम्पेउ फाब्रा या भाषातज्ज्ञाचं मोठं काम होतं. त्यात शेवटचा एच गेला. रान हा शब्द आज सी वर संपतो, विक शहराच्या नावातलाही एच गेला, पण माणसांची आडनावं सरकारी दप्तरात आधीच नोंदलेली होती, ती तशीच राहिली. म्हणून बार्सिलोनाचं पालाउ द ला मूझिका हे संगीतगृह उभारणाऱ्या वास्तुविशारदाचं आडनाव आजही शेवटी एच लावून लिहितात आणि ‘दुमेनेक’ म्हणतात. मार्क, ब्लांक, ल्युक ही आडनावंही अशीच. यांतलं एखादं बॉस्क नावाच्या शेजारी, आईकडचं आडनाव म्हणून दिसलं, तर माग कॅटलान बाजूला जातोय असं धरायला हरकत नाही.

गंमत वाटते ती डचची. तिथेही असंच घडलं. रान या अर्थाच्या डच शब्दातले शेवटचे सी आणि एच विसाव्या शतकातल्या लेखनसुधारणेत गेले, नेदरलँड्समध्ये १९४७ मध्ये त्यावर कायद्याचं शिक्कामोर्तब झालं, आणि आडनावं मात्र मागे राहिली. हजारभर किलोमीटर दूरच्या दोन भाषांनी रानाचं स्पेलिंग सुधारलं आणि माणसांना जुनंच ठेवलं. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

जर्मनमध्ये हा शब्द झुडूप, झाडी या अर्थाचा. प्रमाण जर्मनमध्ये तो ‘बुश’ असा आहे, पण मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘ओ’कारी रूपही होतं आणि दक्षिणेकडच्या बोलींत ‘बॉशन’ हा शब्द झुडपासाठी आजही ऐकू येतो. झाडीजवळ घर असलेल्या माणसाला ते नाव चिकटलं. कॅटलान बाजूलाही तसंच: रानालगतचं घर, म्हणून बॉस्क.

आता खोलातलं. उशिराच्या लॅटिनमधला ‘बोस्कुस’ हा शब्द, ज्यापासून कॅटलान बॉस्क, इटालियन बोस्को आणि फ्रेंच ब्वा आले, तो मुळात जर्मानिक भाषांतून लॅटिनमध्ये शिरला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे हे दोन शब्द बहुधा भाऊ आहेत. पण शब्द भाऊ असले म्हणून माणसं भाऊबंद होत नाहीत. युरोपात आडनावं रूढ होत होती तोवर हे शब्द कित्येक शतकं आपापल्या भाषांत नांदत होते. रानाशेजारी राहणारी माणसं गावोगाव होती, आणि प्रत्येक गावात ते नाव वेगळं, स्वतंत्रपणे पडलं. त्यामुळे कॅटलोनियातल्याच दोन बॉस्क कुटुंबांचं नातं असेल असं गृहीत धरू नका.

उच्चाराची कसोटी एका ठिकाणी फसते. पेर्पिन्यां आणि भोवतालचा रुसियों प्रदेश १६५९ च्या पिरेनीज तहाने फ्रान्सकडे गेला, आणि १७०० मध्ये चौदाव्या लुईने तिथल्या सरकारी कागदपत्रांतून कॅटलान हद्दपार केली. तिथले आजचे बॉस्क फ्रेंच वळणाने नाव सांगतात, तरी मूळ कॅटलान असू शकतं. त्याच शहरातला आंद्रेउ बॉस्क हा सतराव्या शतकातला इतिहासकार. कॅटलोनियाच्या मानमरातबांवरचा त्याचा ग्रंथ १६२८ मध्ये छापला गेला, आणि तो कॅटलानमध्ये आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातही मूळ ‘क’ बहुधा गळतो. म्हणून उच्चाराला पहिला साक्षीदार माना, एकमेव नव्हे.

दुसरं आडनाव ही होकायंत्राची सुई

स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. (१९९९ च्या कायद्यापासून आईबापांना क्रम बदलता येतो, पण जुन्या शोधात याचा फरक पडत नाही.) लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही. आपल्याकडे आजीचं माहेर शोधताना किती दमछाक होते ते आठवा. इथे ते प्रत्येक कागदावर लिहिलेलं असतं. जर्मनीत पूर्वी एकच आडनाव असायचं, आणि लग्नानंतर बाईचं ते बदलायचं. त्यामुळे ‘बॉस्क’ पुढे दुसरं आडनाव दिसलं आणि दोन्हींमध्ये कॅटलान ‘ई’ असेल, म्हणजे ‘आणि’, तर विषय तिथेच अर्धा सुटतो.

उदाहरण म्हणून पेरे बॉस्क ई जिंपेरा घ्या. जन्म १८९१ बार्सिलोना, मृत्यू १९७४ मेक्सिको सिटी. मोठा पुरातत्त्वज्ञ, बार्सिलोना विद्यापीठाचा रेक्टर, स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात कॅटलान सरकारात न्यायखात्याचा मंत्री, आणि पराभवानंतर देशोधडीला लागलेला माणूस. तो तरुणपणी बर्लिनमध्ये शिकला. आता समजा तुमच्यासमोर फक्त बर्लिन विद्यापीठातल्या ‘पी. बॉश’ नावाच्या विद्यार्थ्याचा उल्लेख आहे. कुणीही त्याला जर्मन ठरवेल. ‘जिंपेरा’ दिसलं की लगेच दिशा कळते.

दुसरं उदाहरण डॉमिनिकन रिपब्लिकचा अध्यक्ष आणि कथाकार हुआन बॉश याचं. १९०९ मध्ये ला व्हेगा इथे जन्म. १९६३ च्या फेब्रुवारीत सत्तेवर आला आणि सप्टेंबरमध्ये लष्कराने त्याला हटवलं. पूर्ण नाव हुआन बॉश गाविन्यो. आई पोर्तो रिकोची, वडील कॅटलोनियाच्या दक्षिणेतल्या तोर्तोसाचे. तोर्तोसा हा शब्द हाती आला की पुढचा सगळा शोध एब्रो नदीच्या मुखाकडे वळतो, जर्मनीकडे नव्हे.

नकाशे आणि कोश

आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागला की गाव कळतं. इथे तशी खूण नाही, म्हणून नकाशा पाहावा लागतो. कॅटलोनियाच्या सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे इदेस्कातच्या, संकेतस्थळावर आडनाव टाकलं की ते किती जणांचं आहे आणि कुठल्या भागात जास्त आहे ते दिसतं. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेकडे प्रांतवार माहिती मिळते, त्यात पहिलं आडनाव म्हणून किती आणि दुसरं म्हणून किती हेही वेगळं असतं. जर्मनीसाठी माइन्झच्या विज्ञान अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश वापरा. त्यात व्युत्पत्तीसोबत नकाशा असतो. नकाशात रंग गडद दिसला म्हणजे आपलं घराणं तिथलंच असं नाही. पण कुठल्या गावांपासून सुरुवात करायची ते ठरवता येतं.

माझा सगळ्यात लाडका कोश मात्र वेगळा आहे. आन्तोनी मारिया आल्कोव्हेर या मायोर्कातल्या धर्मगुरूने सुरू केलेला आणि मेनोर्कातल्या फ्रान्सेस्क द बोर्जा मोल याने १९६२ मध्ये पुरा केलेला दहा खंडांचा कॅटलान कोश. तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. आडनावाची नोंद उघडली की अर्थासोबत ते कुठल्या कुठल्या गावांत आढळतं त्याची यादी येते. आणि पाहा, खुद्द ‘मोल’ हे आडनावही दोन्हीकडे आहे: व्हिएन्नाचा चित्रकार कार्ल मोल त्याच अक्षरांचा, पण मेनोर्काच्या मोलांशी त्याचा संबंध नाही. बॉस्कवर हात बसला की याच पद्धतीने मोल करून पाहा, सराव होतो.

वह्या उघडताना

घरापासून सुरुवात करा. सेन्योरा बॉस्कनी मला निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर रबर लावलेली फाइल दिली होती. त्यात त्यांच्या आईवडिलांचं ‘कुटुंबपुस्तक’ होतं, लग्नानंतर सरकारकडून मिळायचं ते. तिथून मागे १८७१ पर्यंत स्पेनची नागरी नोंदणी आहे. त्याच्या मागे चर्च.

त्यांच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची: खापरपणजोबा जर्मनीतून आले, कारखानावाल्या बॉशांचे नातलग. सेन्योरांना ती खरी वाटत नव्हती, पण दिवंगत भावाने ती इतक्या अभिमानाने सांगितली होती की खोटी म्हणायचंही मन होत नव्हतं. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

चर्चच्या वह्यांत पहिली अडचण ही की १९३६ च्या उन्हाळ्यात, यादवी सुरू झाली तेव्हा, कॅटलोनियातल्या कितीतरी चर्चांची दप्तरं जळाली. गावची वही गेली असेल तर निराश होऊ नका. बार्सिलोनाच्या कॅथेड्रलमध्ये विवाह परवान्यांच्या वह्या आहेत, १४५१ पासून १९०५ पर्यंतच्या, २९१ खंड. त्या धर्मप्रांतातल्या गावोगावच्या लग्नांवर ऐपतीप्रमाणे शुल्क घेतलं जायचं आणि ते इथे टिपलं जायचं. जिरोनाकडचं घराणं असेल तर तिथल्या धर्मप्रांताच्या वह्या फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर पाहता येतात. रुसियोंचं असेल तर त्या फ्रेंच जिल्ह्याच्या अभिलेखागाराने आपल्या नोंदवह्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

कॅथेड्रलच्या वहीतली एक नोंद कशी दिसते ते जवळून सांगते, म्हणजे पहिल्यांदा उघडल्यावर बुजायला होणार नाही. पानाच्या डाव्या कडेला नवऱ्याचं आडनाव, एकटंच. उजव्या कडेला शुल्काची रक्कम. मधल्या तीन-चार ओळींत ठरलेला साचा: ‘त्याच दिवशी घेतले’, मग नवऱ्याचं नाव, त्याचा धंदा, बहुतेकदा ‘पझेस’ म्हणजे शेतकरी, राहण्याचं गाव, बापाचं आणि आईचं नाव, मग ‘बरोबर’ या अर्थाचा शब्द आणि बायकोचं नाव, ती कुमारिका की विधवा, तिच्या बापाचं नाव. एवढं एकदा डोळ्यांत बसलं की कॅटलान येत नसलं तरी नोंद लावता येते. आधी फक्त डावी कड वाचत जा. मी बोट ठेवून वाचते, स्क्रीनवरसुद्धा.

डाव्या कडेला नजर फिरवताना जुना लांब ‘एस’ लक्षात ठेवा. शब्दाच्या मधला एस तेव्हा उभा, आकडीचा काढायचे, तो आजच्या एफसारखा दिसतो. त्यामुळे संगणकाने वाचलेल्या मजकुरात हे नाव ‘बॉफ्क’ म्हणता येईल अशा अक्षरांत, म्हणजे एसच्या जागी एफ पडून, दडलेलं असतं. शोधाच्या चौकटीत ते रूपही टाकून पाहा. मला एकदा नऊ नोंदी त्यामुळे मिळाल्या. एस पार निसटला तर उरतं ते कॅटलानमध्ये ‘बोकड’. तेही आडनाव आहे, आणि वेगळं आहे. शिवाय लेखनिक स्पॅनिशमध्ये लिहिणारा असेल तर ‘बोस्के’ करून टाकतो, लॅटिनमध्ये ‘द बोस्को’. एकाच बापाच्या तीन मुलांच्या तीन नोंदी तीन तऱ्हांनी सापडल्या आहेत.

याहून मागे जायचं तर घरपट्टीच्या याद्या आहेत, कॅटलानमध्ये ‘फुगाजे’. चुलीमागे कर, म्हणून कुटुंबप्रमुखांची गाववार नावं. १४९७ आणि १५५३ च्या याद्या छापील स्वरूपात मिळतात. तिथे आपल्या गावात बॉस्क दिसला तर घराणं निदान तेव्हापासून तिथे असण्याची शक्यता आहे, पण मधली साखळी जोडल्याशिवाय तो पूर्वज म्हणून लिहू नका.

आणि घरजावयाचं प्रकरण नीट समजून घ्या, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. कॅटलान खेड्यांत घर आणि जमीन एकाच वारसाकडे जायची. थोरल्या मुलाला ‘अरेउ’ म्हणायचे. मुलगा नसेल तर मुलगी वारस, तिला ‘पुबिल्या’, आणि तिचा नवरा तिच्या घरी राहायला यायचा. अशा लग्नाच्या करारात पुष्कळदा अट असायची की मुलांनी आईच्या घराचं आडनाव पुढे चालवावं. शिवाय वाड्याला स्वतःचं नाव असतं, ‘कान बॉस्क’, म्हणजे बॉस्कांचं घर, आणि मालक बदलले तरी शेजारी त्या घरच्या माणसाला बॉस्कच म्हणतात. त्यामुळे बापाच्या ओळीत अचानक आडनाव बदललं तर वही चुकली असं समजू नका. नोटरीकडचा लग्नाचा करारनामा शोधा.

जर्मन बाजू

जर्मनीचं दप्तर वेगळ्या घडणीचं आहे. राइन नदीच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलामुळे नागरी नोंदणी १७९८ पासून मिळते. संपूर्ण साम्राज्यात ती १ जानेवारी १८७६ ला लागू झाली. त्याआधी चर्च. प्रोटेस्टंट गावांच्या वह्यांसाठी आर्खिऑन हे सशुल्क संकेतस्थळ आहे, कॅथलिकांसाठी मात्रिकुला, आणि ते फुकट आहे. नैऋत्य जर्मनीतल्या वुर्टेमबर्गात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चर्चमध्ये कुटुंबवार नोंदवह्या ठेवल्या गेल्या, आईबाप आणि सगळी मुलं एकाच पानावर. स्वाबियातलं, म्हणजे त्याच भागातलं, घराणं असेल तर महिन्यांचं काम एका दुपारी होतं.

अडचण आहे ती कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराची. त्यात ‘एन’ आणि ‘यू’ अगदी सारखे दिसतात, म्हणून यूच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी रेघ देतात. तुम्हाला पाहायचं आहे ते हेच: बीनंतरच्या अक्षरावर कोर असेल तर तो ‘बुश’, वेगळं आडनाव. दोन टिंबं किंवा दोन बारीक रेघा असतील तर तो ‘ब्यॉश’, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्गकडे आढळणारा. परदेशी गेल्यावर हे दोन ठिपके पहिले गळतात आणि ब्यॉशचा बॉश होतो. अक्षर बंद गोल असेल, वर काही नसेल, तरच बॉश.

प्रसिद्ध माणसांचं घराणं इथे धडा म्हणून उपयोगी पडतं. रोबर्ट बॉश १८६१ मध्ये उल्मजवळच्या आल्बेक गावात जन्मला, खानावळ आणि शेती असलेल्या घरातल्या बारा मुलांतला अकरावा. १८८६ मध्ये श्टुटगार्टला त्याने बारीक यंत्रकाम आणि विजेच्या कामाचं छोटं दुकान काढलं, हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. १९०६ मध्ये त्याने कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. कार्ल बॉश हा त्याचा पुतण्या. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया कारखान्यात तयार करण्याची रीत त्याने बसवली, १९१३ मध्ये ओपाउचा कारखाना सुरू झाला, १९३१ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. आज जगातली शेती ज्या खतावर उभी आहे त्यातल्या फार मोठ्या भागाचं मूळ तिथे आहे.

आता पाहा: कार्लचा जन्म कोलोनचा. फक्त जन्मगाव पाहिलं तर कुणीही म्हणेल, राइनकाठचं घराणं, तिथल्या डचसारख्या बोलीतलं नाव. पण त्याचे वडील धंद्यासाठी तिकडे गेलेले होते, घराणं स्वाबियातलंच. जन्मगावावर थांबू नका, निदान आजोबांच्या गावापर्यंत जा.

चित्रकार हिएरोनिमुस बॉसला तर या यादीतून काढूनच टाका. त्याचं कुळनाव ‘फान आकन’, म्हणजे बहुधा आखेन या जर्मन शहराकडचे. चित्रांवर तो आपल्या गावाचं नाव घालायचा. सेर्तोखेनबॉस हे ते गाव, लोक नुसतं ‘डेन बॉस’ म्हणतात. १५१६ मध्ये तो वारला. त्याची अनेक उत्तम चित्रं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत आणि स्पेनमध्ये त्याला ‘एल बॉस्को’ म्हणतात, म्हणून कॅटलान बॉस्क मंडळी त्याला हौसेने वंशावळीत घेतात. मला असे दोन वंशवृक्ष दाखवले गेले आहेत, सुंदर रंगवलेले. दोन्ही वेळा मला नाही म्हणावं लागलं.

कॅटलान बाजूला अभिमान वाटायला बाहेर जायची गरजच नाही. बार्सिलोनाला लागून समुद्रकाठी बादालोना आहे. तिथे बॉस्क बंधूंनी १८७० मध्ये बडीशेपेच्या मद्याचा कारखाना काढला, ‘आनीस देल मोनो’, बाटलीवर माकडाचं चित्र. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांतल्या विसेन्स बॉस्कने जाहिरातीच्या चित्रांची स्पर्धा ठेवली आणि चित्रकार रामोन कासासचं चित्र पहिलं आलं. ती इमारत अजून किनाऱ्यावर उभी आहे. कुणी ‘बॉश म्हणजे जर्मनच ना’ म्हणालं की मी त्याला त्या बाटलीचं लेबल वाचायला सांगते.

तिसऱ्या मजल्याचा शोध

सेन्योरांच्या घराण्याचा माग लागायला दोन हिवाळे गेले. नागरी नोंदणी संपली, गावची चर्चची वही जळालेली निघाली, मग कॅथेड्रलच्या वह्या. सतराव्या शतकातल्या एका पानावर डाव्या कडेला हवं ते नाव मिळालं, सीवर संपणारं, एच नसलेलं. मधल्या ओळीत धंदा ‘मजूर’, आणि पुढे: ‘फ्रान्सच्या राज्यातला, कोमँजच्या बिशपच्या मुलखातला.’ त्या काळात पिरेनीजच्या पलीकडून, ऑक्सितान बोलणाऱ्या डोंगराळ भागातून, हजारो गरीब माणसं कामासाठी कॅटलोनियात उतरली. ऑक्सितानमध्येही रानाला बॉस्कच म्हणतात, त्यामुळे नाव सीमेपलीकडून येताना बदलावं लागलं नाही. पुढच्या पिढीत पाद्र्याने इथल्या रीतीने एच जोडला, एवढंच. पूर्वज परदेशातून आला ही घरातली गोष्ट खरी निघाली, फक्त देश वेगळा. आणि तो कारखानदारांचा नातलग नव्हता, दुसऱ्याच्या शेतावर राबायला आलेला माणूस होता.

मी ते पान छापून वर नेलं. सेन्योरांनी चष्मा पुसला आणि ‘मजूर’ या शब्दावर बराच वेळ बोट ठेवून बसल्या. मग विचारलं, ‘‘शुल्क किती भरलं होतं त्याने?’’ सगळ्यात खालच्या दराचं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कॉफी ठेवायला उठल्या.

त्यांच्या भावाच्या नातवाने गेल्या वर्षी आपलं आडनाव बदलून घेतलं. १९९८ च्या कॅटलान भाषा कायद्याने आडनाव आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करून घेता येतं, त्यासाठी नागरी नोंदणी कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो आता पाचव्या मजल्यावर राहतो. त्याच्या बटणासमोरची पट्टी नवी आहे, चार अक्षरांची, सीवर संपणारी. तिसऱ्या मजल्याची पितळी पट्टी आहे तशीच आहे, आणि सेन्योरा दर शनिवारी ती लिंबू लावून घासतात, एचसकट.